क जवळचा कोन

गणिताच्या बाईंनी सीलबंद पाकीट शिवणाच्या कात्रीने कापलं, कारण त्या खोलीत दुसरी कात्रीच नव्हती. ही शाळेची शिवणाची खोली. यंत्रं भिंतीला सरकवून त्यांच्यावर चादर टाकली होती. कोपऱ्यात बिनडोक्याचा कापडी पुतळा अर्धवट शिवलेलं जाकीट घालून, आपणच पर्यवेक्षक असल्यासारखा उभा होता. मधल्या टेबलाशी दोनच माणसं होती. एक, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये असलेली परीक्षार्थी मुलगी. दुसऱ्या, ती सांगेल ते लिहून द्यायला बसलेल्या शिवणाच्या बाई.

गणिताच्या बाईंनी एक प्रत मुलीपुढे ठेवली. पाकिटातली जादा प्रत घेऊन त्या खुर्चीत बसल्या आणि दोघी पहिला प्रश्न वाचताहेत असं पाहून हळूच पान उलटलं. चौथ्या प्रश्नाशी नजर पोचली आणि तिथेच अडकली.

आकृतीतली अब ही जीवा वर्तुळाच्या केंद्रातून जात होती. जवळून वगैरे नाही, चांगली आरपार. केंद्राचा ठिपकासुद्धा कुणीतरी टपोरा काढून ठेवला होता.

बाईंनी काढून दिलेल्या आकृतीत ती केंद्रातून जात नव्हती. हा पेपर बाईंनीच काढला होता, आणि ही गोष्ट या शाळेत कुणालाही ठाऊक नव्हती. पेपर काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, असा परीक्षा मंडळाचा दंडक आहे. ज्याचं नाव फुटतं त्याला मंडळ पुन्हा कधी बोलवत नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत बाईंना हा मान पहिल्यांदाच मिळाला होता आणि त्यांनी तो जिवापाड जपला होता. संध्याकाळी दार लावून बसायच्या तेव्हा नवऱ्याला वाटलं, हिला आता कविता व्हायला लागल्या. तो बिचारा चहाचा कप दारातच ठेवून पाय न वाजवता परत जायचा.

प्रश्न तसा साधा होता. वर्तुळावर अ, क, ब, ड असे क्रमाने चार बिंदू. अ जवळचा कोन, म्हणजे कअब, पस्तीस अंश. ड जवळचा कोन अडक पासष्ट. तर क जवळचा कोन अकब किती? ड जवळचा आणि ब जवळचा, हे दोन्ही कोन एकाच कंसावर उभे, म्हणून ब जवळचाही पासष्ट. मग अकब या त्रिकोणात पस्तीस आणि पासष्ट मिळून शंभर झाले, उरले ऐंशी. चार ओळींचं काम. पण अब केंद्रातून गेली की ती व्यास होते, आणि अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे पोरं झोपेतही सांगतात. मग तोच क जवळचा कोन नव्वद. पस्तीस, पासष्ट आणि नव्वद यांची बेरीज होते एकशेनव्वद, आणि असा त्रिकोण अजून कुणाच्या पाहण्यात नाही.

हे कसं घडलं ते बाईंना बसल्या जागी कळलं. छापखान्यात आकृत्या काढणारा कुणी नीटनेटका माणूस असणार. बाईंची जीवा केंद्राला चुकवून जाते हे त्याला हाताची चूक वाटली असेल. पाहुण्यांपुढे जाण्याआधी पोराचा भांग सरळ करून द्यावा, तसा त्याने तिला सरळ केलं आणि वर ठिपका दिला. तपासायला कच्ची छपाई आली तेव्हा बाईंनी शब्द तपासले, आकडे तपासले, अक्षरं कुठे आहेत तीही तपासली. आकृतीकडे पाहिलं तेव्हा त्यांना दिसली ती आपलीच आकृती. वर्गात ज्या बाई ‘डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हे दिलंय की नुसतं दिसतंय ते विचारा’ म्हणून घसा कोरडा करायच्या, त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवून खाली सही ठोकली होती.

खरं तर आज त्यांनी इथे असायलाच नको होतं. गणिताच्या पेपरला गणिताच्या बाईंनी परीक्षेच्या खोलीत पाय ठेवायचा नसतो. पण नेमलेल्या पर्यवेक्षिकेला पहाटेपासून उलट्या सुरू झाल्या, आणि मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, एकच मुलगी आहे. तुम्ही फक्त बसायचं. बघायचं. तोंड उघडायचं नाही.” शिवणाच्या बाईंची नेमणूक मात्र नियमाला धरून होती. लेखनिकाला विषय येता कामा नये, असा नियम. “तुम्हाला गणितातलं काही म्हणता काही कळत नाही ना?” असं मुख्याध्यापकांनी चारचौघांत विचारलं होतं आणि शिवणाच्या बाईंनी अभिमानाने मान डोलावली होती.

आणि मुलगी तर बाईंच्या चांगली ओळखीची. सगळी शाळा तिला ‘नव्वद’ म्हणायची. कुठलाही कोन विचारा, ती पाठीचा कणा सरळ करून म्हणायची, नव्वद. आकृतीत जरा काटकोनासारखं दिसलं की झालं. त्या नव्वदांनीच तिला गेल्या खेपेला नापास केलं होतं. यंदाही राहिली तर काकाच्या रंगाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, हे घरी ठरून गेलं होतं. काका माणूस वाईट नव्हता, पण नव्वदला प्रयोगशाळेत काम करायचं होतं. रक्ताच्या नळ्या, भिंगं, तसलं काही. म्हणून ती वर्षभर मधल्या सुट्टीत डबा घेऊन बाईंसमोर बसायची. उत्तर सांगताना तिची नजर वहीवर नसायची, बाईंच्या भुवयांवर असायची. भुवई वर गेली की ती घाईघाईने दुसरा आकडा सांगायची. बाई रागवायच्या, “माझ्या कपाळावर लिहिलंय का उत्तर?” मग दोघी हसायच्या.

चौथा प्रश्न बाईंना सुचला होता तो तिच्यामुळेच. बघून उत्तर देणाऱ्याला तो फसवणार नव्हता, फक्त थांबवणार होता. नव्वद म्हणावंसं वाटेल, पण जीवा केंद्राच्या बाजूने गेलेली दिसेल, आणि पोर पुन्हा वाचेल. आता त्या सरळ केलेल्या रेघेने सगळा घात केला होता. नव्वद आता नव्वद म्हणणार, आणि या खेपेला आकृतीच तिच्या बाजूने साक्ष देणार. उत्तरसूचीत मात्र ऐंशी होते. ते बाईंनीच लिहिले होते.

“दुसरा झाला. तिसऱ्याचा आकडा घाला, बाई,” नव्वद लेखनिकाला म्हणाली.

तिचा आवाज आज बरा होता.  गणिताच्या बाईंनी आपली प्रत मांडीवर पालथी घातली.

गप्प बसलं तर काय होईल? निकालाच्या वेळी ओरड होईल, मंडळ चौकशी करेल, सगळ्यांना सरसकट गुण देऊन मोकळं होईल. तसं पूर्वीही झालं होतं. पण ज्या पोरांना आत्ता या घटकेला एकशेनव्वद मिळतील, त्यांच्या तोंडचं पाणी पळेल. ती पुन्हा बेरीज करतील, पुन्हा वाचतील, आणि पुढचे येत असलेले प्रश्नही त्या भीतीने चुकवतील. आणि बोलायचं तर कुणाला सांगायचं? आकृती अशी नाही, तशी हवी होती, हे खात्रीने कोण सांगू शकतो? ज्याने ती काढली तोच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली होती.

“चौथा,” नव्वद म्हणाली.

बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

नव्वदने प्रश्नपत्रिका डाव्या हाताने उचलली आणि शिवणाच्या बाईंना दिसू नये अशी छातीशी धरली.

“बाई, तुम्ही इकडे बघू नका. बघून काढायची नाही आकृती. मी वाचते, तुम्ही ऐकून काढा.”

शिवणाच्या बाईंनी ‘का गं’ म्हणायला तोंड उघडलं आणि नियम आठवून मिटलं. गणिताच्या बाईंचे डोळे भरून आले. मधल्या सुट्टीत त्यांनीच शिकवलं होतं ते. आकृती वाचून काढायची, बघून नाही.

“वर्तुळ काढा. त्यावर कुठेही अ घ्या.”

“कुठेही म्हणजे?” शिवणाच्या बाईंना हे विचारल्यावाचून राहवलं नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी कुठेही खूण केली नव्हती.

“कुठेही म्हणजे कुठेही. तुम्हाला आवडेल तिथे. आता पलीकडे ब घ्या. जोडा. अब जीवा. वरच्या बाजूला क, खालच्या बाजूला ड. अ आणि क जोडा. क आणि ब. अ आणि ड. क आणि ड.”

शिवणाच्या बाईंचा हात कापडावर चालावा तसा चालला. कंपासच्या टोकाने कागदाला पडलेलं बारीक भोक आणि अब ही रेघ यांच्यामध्ये चांगली बोटभर जागा उरली होती. गणिताच्या बाईंनी लांबूनच ओळखलं. ही त्यांची आकृती. संध्याकाळी दार लावून काढलेली, छापखान्याच्या वाटेवर हरवलेली.

नव्वद सांगत गेली. “कोन अडक पासष्ट, हे दिलंय. कोन अबक त्याच्याएवढाच, कारण दोघे एकाच कंसावर. म्हणून पासष्ट. कोन कअब पस्तीस, हेही दिलंय. एकशेऐंशीतून शंभर गेले. म्हणून कोन अकब ऐंशी अंश.”

गणिताच्या बाईंनी श्वास सोडला. झालं. आता पान उलट, बाळा, त्या मनात म्हणाल्या. पुढे जा.

पण नव्वदने छापील आकृती शेजारी ठेवली आणि दोन्ही पाहिल्या. तिच्या डाव्या हाताचं बोट छापील रेघेवरून सरकत ठिपक्यावर येऊन थांबलं. ओठ हलले. बोटांवर काहीतरी मोजलं गेलं. मग तिने मान वर केली आणि सवयीप्रमाणे बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

बाईंचा हात तोंडावर गेलेला होता.

“बाई, पेपरात कधी चूक असते का हो?”

“मला काही विचारायचं नाही.” तो आवाज बाईंना स्वतःचाच वाटला नाही. “प्रश्न वाच.”

नव्वदने प्रश्न वाचला नाही. ती बाईंकडेच पाहत राहिली. मग प्लास्टरचा हात तिने मांडीवर ओढून घेतला.

“खोडा, बाई,” ती लेखनिकाला म्हणाली. “ऐंशी खोडा. नव्वद लिहा. अर्धवर्तुळातला कोन, म्हणून.”

शिवणाच्या बाईंनी पट्टी लावली आणि ऐंशीवर एक सरळ रेघ मारली.

गणिताच्या बाई उठल्या. त्यांनी दार उघडून व्हरांड्यात बसलेल्या शिपाई मावशींना आत बोलावलं, त्यांना खुर्चीत बसवलं, आणि आपल्या वयाच्या बाईला शोभणार नाही इतक्या भराभर जिना उतरून गेल्या.

मुख्याध्यापक टेबलावर रिकाम्या पाकिटांची चळत लावत होते. बाईंनी प्रत पुढे ठेवून आकृतीवर बोट टेकवलं आणि चूक सांगितली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

“मला तर बरोबर दिसते आहे. व्यास आहे, काटकोन आहे.”

“व्यास आहे असं प्रश्नात कुठेही दिलेलं नाही, सर. तो नुसता दिसतोय.”

“मग प्रश्नात लिहायचं राहिलं असेल. आकृती चूक की शब्द चूक, हे तुम्ही आम्ही कसं ठरवणार? ज्यांनी पेपर काढला ते—”

“मी काढलाय.”

सरांच्या हातातली पाकिटं तशीच राहिली. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे. माणूस मुळात मायाळू होता, आणि मायाळू माणसं संकटाच्या वेळी आधी कानावर हात ठेवतात.

“हे मी ऐकलं नाही असं करू या,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “नंतर सगळ्यांना गुण देतात हो. तुमचं नाव कशाला आणता मध्ये? पहिल्यांदाच मिळालं असेल ना तुम्हाला हे काम?”

“हो.”

“मग?”

“नंतर देतील, सर. पोरं आत्ता लिहितायत.”

सरांनी फोन फिरवला, मंडळात कुणीतरी उचलल्यावर दोन वाक्यं बोलले, आणि रिसीव्हर बाईंपुढे धरला. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “आपण कोण बोलताय?” बाईंनी आपलं पूर्ण नाव सांगितलं. वडिलांनी ठेवलेलं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं.  मग सगळ्या केंद्रांवर वाचून दाखवायचा मजकूर आला आणि सरांनी तो उतरवून घेतला. फोन ठेवण्याआधी त्या माणसाने आणखी एक वाक्य बाईंना सांगितलं. त्यावर त्या फक्त “समजलं” म्हणाल्या. तो माणूस काय म्हणाला, ते सरांनी विचारलं नाही. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

बाई जिना चढू लागल्या. हातून गेलं ते गेलं, त्याचं दुःख होतंच आणि ते लपवण्यात अर्थ नव्हता. आता मंडळाचं बोलावणं नाही, दार लावून बसणं नाही, संध्याकाळचा दारातला चहा नाही. नवऱ्याला सांगायचं तरी काय, की कविता बंद झाल्या? पण या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट घट्ट होती. नव्वदने खोडलेले ऐंशी परत लिहायला अजून वेळ शिल्लक होता.

खोलीत मावशी खुर्चीत ताठ बसून पुतळ्याकडे संशयाने पाहत होत्या. त्यांना उठवून बाई टेबलापाशी गेल्या आणि कागद वाचू लागल्या.

“मंडळाची सूचना. प्रश्न चौथा. आकृतीत अब ही जीवा केंद्रातून जाताना दिसते. तसं प्रश्नात दिलेलं नाही. विद्यार्थ्यांनी आकृतीवर न जाता फक्त दिलेली माहिती धरावी.” वाचताना त्यांना आपलाच वर्गातला आवाज ऐकू आला. “हवं तर उत्तर बदलता येईल,” त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य कागदावर नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

 शिवणाच्या बाईंना राहवेना.

“ते केव्हाच उसवून झालंय, बाई.”

“काय उसवून?”

“नव्वद. आता आम्ही सहाव्यावर आहोत.”

नव्वदने डाव्या हाताने उत्तरपत्रिकेचं पान मागे उलटलं. ऐंशी खोडलेला होता. त्याच्याखाली नव्वद, तोही पट्टी लावून खोडलेला. आणि त्याच्याखाली, शिवणाच्या बाईंच्या टपोऱ्या अक्षरात, एकही मात्रा इकडची तिकडे न झालेलं: म्हणून कोन अकब ऐंशी अंश. आकृतीत नव्वद दिसतो, पण तो दिलेला नाही.

“हे कधी लिहिलं?”

“तुम्ही खाली गेलात तेव्हा,” नव्वद म्हणाली.

बाईंना काही उमजेना. फोन अजून लागलाही नसेल तेव्हा.

“मग आधी खोडलं का होतंस?”

हा प्रश्न विचारायला नको होता. नियमाने तर नकोच होता. नव्वदने प्लास्टरच्या कडेला निघालेला एक दोरा ओढला.

“तुमचं तोंड एवढंसं झालं होतं, बाई. म्हटलं, ऐंशी चुकलं. तुम्ही समोर असलात की मी तुमच्याकडेच बघते.” तिने दोरा तोडला. “तुम्ही गेलात, मग बघायला हा कागदच उरला.”

शिवणाच्या बाई पेन्सिलीचं टोक तपासू लागल्या. खाली, इतर वर्गांतून, तीच सूचना वाचल्याचे आवाज एकामागून एक येत होते.

 गणिताच्या बाईंनी हातातल्या कागदाची घडी घातली, परत उघडली, परत घातली. मग खुर्ची उचलली, पाय न वाजवता कोपऱ्याकडे नेली, आणि त्या बिनडोक्याच्या पुतळ्याकडे तोंड करून, मुलीकडे पाठ करून बसल्या.

मागे पान उलटल्याचा आवाज झाला.

“सहावा. वर्तुळ काढा, बाई,” नव्वद सांगत होती. “त्यावर कुठेही अ घ्या.”